अभ्यासाचा काळ आणि सत्तेचा काळ

मंत्र्यांच्या अधिकृत परिचयपत्रात ‘शिक्षण’ आणि ‘कारकीर्द’ असे दोन रकाने असतात. एकात पदव्या लिहिलेल्या असतात, दुसऱ्यात पदे. वाचणारा पहिल्या रकान्यावरून नजर फिरवतो आणि दुसऱ्यावर स्थिरावतो. या दोन रकान्यांमध्ये काही कार्यकारणसंबंध आहे का, मंत्री झालेल्या माणसाने तरुणपणी जे आत्मसात केले ते पुढे त्याच्या निर्णयांत उतरले का, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. प्राध्यापक मधु दंडवते यांच्याविषयी विचार करताना मला मात्र ही चौकशी टाळता आली नाही. आमचे गाव त्यांच्या राजापूर मतदारसंघात होते. शिवाय जो विषय शिकवण्यात माझे आयुष्य गेले, तो भौतिकशास्त्र हाच त्यांचाही विषय होता. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीकडे मी नेहमी दोन खिडक्यांतून पाहत आलो: एक मतदाराची, दुसरी शिक्षकाची.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरला झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. बेचाळीसच्या आंदोलनात ते विद्यार्थिदशेतच उतरले होते. पुढे ते सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवू लागले, भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले आणि उपप्राचार्यही झाले. या महाविद्यालयाचे वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९४६ मध्ये त्याची स्थापना केली. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. कचेरीत कारकुनी करणारा किंवा गिरणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा पहाटे उठून लोकलने येई, तास संपवून कामावर जाई. अशा विद्यार्थ्यांपुढे जो वर्षानुवर्षे फळ्याशी उभा राहतो, त्याला झोपेची किंमत आणि प्रवासाचे कष्ट पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. ते समोरच्या बाकांवर दिसतात.

भौतिकशास्त्राच्या शिक्षणाविषयी एक गोष्ट या विषयाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा व्हर्निअर कॅलिपर दिला जातो, तेव्हा वस्तू मोजण्याआधी त्याला एक काम करावे लागते. जबडे मिटवून पट्टीवरचे शून्य खरोखरच शून्यावर येते का, हे तो पाहतो. बहुधा येत नाही. वापराने झिजलेल्या उपकरणात थोडी चूक असतेच. तिला शून्यांक त्रुटी म्हणतात. ही त्रुटी आधी नोंदवहीत लिहायची, मग प्रत्येक मापातून वजा करायची. ज्या मुलाने ती नोंदवलेली नाही त्याचे उत्तर कितीही सुबक असले तरी आम्ही त्याचे गुण कापतो. यातून त्याला एक नैतिक शिस्तही लागते: आपल्या हातातल्या साधनात दोष असू शकतो, तो आधी शोधायचा आणि उघडपणे लिहायचा. दुसरी शिस्त परिमाणाची. ‘खूप’, ‘फार’, ‘प्रचंड’ या शब्दांना प्रयोगशाळेत अर्थ नसतो. किती, ते आकड्यात सांगावे लागते. राजकारणाची भाषा बरोबर याच्या उलट चालते. म्हणून या दोन शिस्ती अंगी मुरलेला माणूस राजकारणात गेला, तर त्याच्या कामावर त्यांची खूण उमटल्यावाचून राहत नाही.

त्यांचे दुसरे शिक्षण समाजवादी चळवळीत झाले. गोव्यात पोर्तुगीजांची राजवट असताना, १९५५ मध्ये, सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर ते सीमा ओलांडून गेले आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार त्यांनी अंगावर घेतला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते होते, भूमिमुक्तीच्या आंदोलनातही होते. त्या काळच्या समाजवादी कार्यकर्त्याला आपण मंत्री होऊ असे स्वप्नही पडत नसे. पक्ष फुटत, पुन्हा जुळत, निवडणुकांत हरत. आपल्या हयातीत फळ दिसेल याची शाश्वती नसताना अभ्यास करीत राहायचे, शिबिरे घ्यायची, परिपत्रके लिहायची, हाच त्या पिढीचा दिनक्रम होता. त्यांची मार्क्स आणि गांधी यांचा एकत्र विचार करण्याची धडपड याच काळात रुजलेली असावी. त्या विषयावर त्यांचे इंग्रजी पुस्तक पुढे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.

राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचे जानेवारी १९७१ मध्ये निधन झाले. नाथ पै गेले तेव्हा आमच्या भागातल्या घराघरांत सुतक असल्यासारखे वातावरण होते. त्या जागेवर दंडवते उभे राहिले. इंदिरा गांधींच्या बाजूने देशभर लाट होती. त्या निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाचे अवघे दोन उमेदवार निवडून आले, त्यांतले एक दंडवते. त्या निवडणुकीपासून सलग पाच वेळा कोकणाने त्यांना दिल्लीला पाठवले. मनिऑर्डरवर चालणारा हा मुलूख. घरटी एक माणूस मुंबईत चाकरमानी. या मतदाराला देण्यासारखे पैसे किंवा कारखाने त्यांच्यापाशी नव्हते. त्यांच्या सभा मी ऐकल्या आहेत. विनोदाची पखरण असे, पण मांडणी वर्गातल्या व्याख्यानासारखी क्रमवार चाले. आधी प्रश्न काय ते सांगायचे, मग सरकारचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडायचे, मग त्यातली उणीव दाखवायची. पारावर बसलेल्या शेतकऱ्यालाही आपल्याला समजून घेण्याची पात्रता आहे असे गृहीत धरून ते बोलत. मतदाराचा एवढा मान राखणारे भाषण मी नंतर क्वचितच ऐकले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली तेव्हा ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र हेही तिथेच होते. या सर्वांना तिथेच अटक होऊन बंगळूरच्या कारागृहात ठेवण्यात आले. काही दिवसांनी पत्नी प्रमिलाताई यांनाही अटक होऊन त्यांची रवानगी येरवड्याला झाली. जवळजवळ दीड वर्ष पती एका राज्याच्या तुरुंगात आणि पत्नी दुसऱ्या राज्याच्या, अशी स्थिती होती. त्यांच्यात पत्रव्यवहार चालू होता, पण प्रत्येक पत्र अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाणार हे दोघांनाही ठाऊक होते. परक्या डोळ्यांसमोर आपल्या माणसाशी बोलत राहणे हेही एक कठीण तप आहे. तुरुंगवासाचे भांडवल करून पुढे मोठे झालेले पुष्कळ पुढारी आपण पाहिले आहेत. दंडवत्यांच्या बोलण्यात त्या दिवसांचा उल्लेख आला तरी त्यात कोणाकडून काही वसूल करण्याचा भाव नसे.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि त्यांच्याकडे रेल्वे खाते आले. वय त्रेपन्न. तोपर्यंत त्यांनी कोणतेही शासकीय पद भूषवलेले नव्हते. खाते देशातले सर्वांत मोठे, आणि मागे एक जखम ठेवून आलेले. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली झालेला रेल्वे कामगारांचा संप सरकारने मोडून काढला होता आणि हजारो कामगार बडतर्फ झाले होते. नव्या मंत्र्याने त्यांना कामावर परत घेतले. हे वाचायला सोपे वाटते. पण प्रशासनाने शिस्तीच्या नावाने घेतलेला निर्णय फिरवायचा आणि त्याच प्रशासनाकडून दुसऱ्या दिवसापासून गाड्या वेळेवर चालवून घ्यायच्या, यासाठी अधिकाऱ्यांचा विश्वासही लागतो. तो त्यांनी मिळवला, कारण पराभूत झालेल्या बाजूला नमवण्यासाठी ते खात्यात आलेले नव्हते.

आता त्यांच्या ज्या निर्णयासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो.

आज चाळिशीच्या आतल्या वाचकाला दुसऱ्या वर्गाचा लाकडी बर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही. अरुंद फळ्या एकमेकींपासून बोटभर अंतर ठेवून लोखंडी चौकटीवर ठोकलेल्या असत. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने त्या गुळगुळीत झालेल्या, पण स्क्रूची डोकी जागोजाग वर आलेली. फटीतून खाली सुटे पैसे पडत, हिवाळ्यात वारा वर येई. ज्यांच्याजवळ होल्डॉल असे ते तो पसरत; बाकीचे सतरंजी किंवा धोतराच्या घड्या घालत. मी विदर्भात नोकरीला असताना आईला उपचारासाठी मुंबईला नेण्याचा प्रसंग आला. तिच्या कमरेचे दुखणे जुने होते. पहिल्या वर्गाचे तिकीट काढण्याची माझी ऐपत नव्हती. खालच्या बर्थवर घरातली जाड गोधडी दुमडून घातली आणि तिला निजवले. गाडीचा प्रत्येक हिसका फळीतून थेट हाडात जात होता. ती रात्रभर कूस बदलत राहिली आणि भुसावळ गेल्यावर उठून बसली ती सकाळपर्यंत तशीच बसून राहिली. मी विचारले तेव्हा ‘बसूनच बरे वाटते’ एवढेच म्हणाली. त्या डब्यात अशी बसून राहिलेली ती एकटी नव्हती. कोणाच्याही चेहऱ्यावर तक्रार नव्हती. गरिबाचा प्रवास असाच असायचा, हे त्या सर्वांनी फार पूर्वी मान्य करून टाकले होते. मलाही तोपर्यंत त्यात काही वावगे दिसले नव्हते. ज्या दुःखाची तक्रार होत नाही, ते शासनाच्या कागदावर येत नाही, आणि जे कागदावर येत नाही त्यावर टिपणी लिहिली जात नाही.

दंडवत्यांनी ठरवले की दुसऱ्या वर्गाच्या शयनयान डब्यांतील लाकडी बर्थवर दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या बसवायच्या. निर्णय एवढाच. पहिल्या वर्गाच्या सोयी काढून घेण्यात त्यांना रस नव्हता. दुसऱ्या वर्गाचा दर्जा वर आणायचा, ही त्यांची भूमिका होती. सुरुवात मुख्य मार्गांवरच्या गाड्यांपासून झाली आणि ऐंशीचे दशक संपेपर्यंत देशभरातल्या गाड्यांमध्ये हे गादीचे बर्थ पोचले. त्यांचे मंत्रिपद त्याआधीच कधीचे संपले होते. पुढे आलेल्या कोणत्याही सरकारला ती गादी काढून घेण्याचे धाडस झाले नाही, किंबहुना तसा विचारही कोणाच्या मनात आला नसेल. सुधारणा रुजली याची याहून चांगली खूण कोणती? आज शयनयानात झोपणाऱ्याला ती गादी कोणी दिली हे माहीत नसते. तिच्यावर कोणाचे नाव छापलेले नाही.

या निर्णयात मला त्यांचा विषय दिसतो. समाजवादाची शपथ घेणारे पुष्कळ होते. समता किती जाडीची असावी, हे आकड्यात सांगणारा विरळा. दोन इंच म्हटले की खर्च काढता येतो, कंत्राट देता येते, कारखान्यातून डबा बाहेर पडताना तपासता येते आणि काम झाले की नाही हे कोणालाही हात लावून पाहता येते. भव्य घोषणेला यातले काहीच लागू होत नाही, म्हणून ती सुरक्षित असते. त्याच वर्षी, २६ डिसेंबर १९७७ रोजी, मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचे नाव धारण करणाऱ्या या गाडीत सर्व डबे एकाच वर्गाचे होते. तो प्रयोग त्या स्वरूपात टिकला नाही. पुढे त्या गाडीला वरच्या वर्गाचे डबे लागलेच. वर्ग नाहीसा करण्याचा प्रयत्न मावळला आणि खालच्या वर्गाची फळी मऊ करण्याचा प्रयत्न टिकला, हे वास्तव नोंदवले पाहिजे. दोन्ही एकाच माणसाच्या मनातून निघाले होते.

कोकणात रेल्वे आणण्याचे स्वप्न फार जुने. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य वेचले, नाथ पैंनी संसदेत आवाज उठवला. दंडवते मंत्री झाले तेव्हा आमच्याकडे अनेकांना वाटले की आता गाडी सावंतवाडीला आलीच. त्यांनी आपट्याहून रोह्यापर्यंतचा पहिला टप्पा मंजूर केला आणि तिथेच थांबावे लागले. सरकार जुलै १९७९ मध्ये कोसळले. रोह्याला गाडी पोचली ती १९८६ मध्ये. पण १९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले आणि योग असा जुळला की रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, तर अर्थमंत्री दंडवते. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६. उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा. रेल्वेच्या अर्थसंकल्पाची वाट पाहत बसल्यास आणखी पन्नास वर्षे जातील, हे ओळखून काढलेला हा मार्ग होता, आणि तो अर्थ खात्याच्या संमतीवाचून निघाला नसता. अकरा वर्षांपूर्वी अपुरे राहिलेले काम दुसऱ्या खात्याच्या खुर्चीवरून पुढे नेण्याची संधी फार थोड्यांना मिळते. मिळाली तरी ती ओळखण्यासाठी मधली अकरा वर्षे ते काम मनात जागे ठेवावे लागते.

अर्थमंत्री म्हणून त्यांना जेमतेम अकरा महिने मिळाले आणि तो काळ अतिशय खडतर होता. परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. ऑगस्टमध्ये आखातात युद्धाचे सावट आले आणि तेलाचे भाव भडकले. मार्च १९९० मध्ये त्यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पातील दोन निर्णयांचा उल्लेख येथे पुरेसा आहे. पहिला, सुवर्णनियंत्रण कायदा रद्द करण्याचा. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना साठच्या दशकाच्या आरंभी सोन्यावर निर्बंध आले, चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यास बंदी झाली आणि असंख्य सोनारांच्या चुली विझल्या. काहींनी जीवही दिला. ज्या मोरारजींच्या मंत्रिमंडळात दंडवत्यांनी काम केले होते, त्यांच्याच धोरणावर उभा असलेला तो कायदा त्यांनी काढून टाकला. त्याने अपेक्षित परिणाम साधला नव्हता आणि हानी मात्र केली होती. प्रयोग फसला हे कबूल करण्याची ही रीत मला प्रयोगशाळेतली वाटते.

दुसरा निर्णय दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्जे माफ करण्याचा. याविषयी माझे मत त्यांच्याबद्दलच्या आदराने बदलत नाही. अडलेल्या शेतकऱ्याला त्यातून दिलासा मिळाला हे खरे. पण हप्ते वेळेवर भरणाऱ्या सालस माणसाला आपण मूर्ख ठरलो असे वाटू लागले आणि सहकारी सोसायट्यांची वसुली त्यानंतर ढिली पडत गेली. पुढच्या सरकारांनी त्याच वाटेने जाऊन ती अधिक रुंद केली. करुणा आणि मापन या दंडवत्यांच्या दोन गुणांची सांगड इथे सुटली, असे मी मानतो. आघाडीच्या जाहीरनाम्यातले वचन पाळणे त्यांना भाग होते, हे कारण समजण्यासारखे आहे. त्याने परिणाम बदलत नाही.

१९९१ च्या निवडणुकीत कोकणाने त्यांना पराभूत केले. वीस वर्षे ज्यांनी उचलून धरले त्यांनीच नाकारले. लोकशाहीत यालाही विनातक्रार सामोरे जावे लागते आणि ते गेले. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हा कोकणाचे खासदार ते नव्हते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला.

आता हिशेब मांडून पाहावा. अध्यापनाची वर्षे सुमारे पंचवीस. संसदेतली वीस, त्यांतली बहुतेक विरोधी बाकांवरची. मंत्रिपदाच्या दोन्ही कारकिर्दी मिळून सव्वातीन वर्षांच्या आसपास. सत्तेचा काळ एवढा अल्प असेल तर त्यात नवे काही शिकायला सवड नसते. मंत्री पहिल्या दिवशी कार्यालयात शिरतो तेव्हा फाइलींचा ढीग, शिष्टमंडळांची रांग आणि अधिकाऱ्यांचे तयार उत्तर, ही तीन त्याची वाट पाहत असतात. अभ्यास आधीच झालेला नसेल तर तो त्या तयार उत्तराखाली सही करतो आणि पुढेही करीत राहतो. दंडवत्यांनी लाकडी बर्थविषयी जे ठरवले ते मंत्री झाल्यावर सुचलेले नसणार. विरोधी बाकावर बसलेल्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या वर्गातून देशभर फिरलेल्या कार्यकर्त्याच्या मनात ते कितीतरी आधी तयार असणार. म्हणून विरोधी पक्षातली वर्षे वाया गेली, असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही. ज्यांनी ती अभ्यासात घालवली त्यांची गेली नाहीत.

आज राजकारणात येणाऱ्या तरुणाला कोणीतरी पदाच्या रांगेत उभे करतो. अभ्यासाच्या रांगेत कोणी उभे करीत नाही. दोष केवळ पक्षांचा नाही. आपण मतदार उमेदवाराला जात विचारतो, निधी किती आणला ते विचारतो, लग्नाला आला होता का तेही आठवतो. त्याने कोणत्या प्रश्नाचा किती वर्षे पाठपुरावा केला, हे विचारत नाही.

गणपतीच्या दिवसांत कोकणात येणाऱ्या गाड्यांच्या अनारक्षित डब्यांकडे वाचकांनी एकदा पाहावे. दारात लोंबकळणारी माणसे, शौचालयाच्या बोळात मांडीवर मूल घेऊन बसलेल्या बाया, रात्रभर एका पायावर उभे राहिलेले वृद्ध तिथे दिसतील. त्यांचीही तक्रार ऐकू येत नाही, कारण त्यांनीही हे फार पूर्वी मान्य करून टाकले आहे. येत्या निवडणुकीत उमेदवार दारी येईल तेव्हा त्याला या डब्याविषयी विचारा: त्याने त्यातून कधी प्रवास केला, त्यात किती माणसांची सोय आहे आणि प्रत्यक्षात किती चढतात, आणखी किती डबे लागतील, त्याला खर्च किती येईल. उत्तर आकड्यात मागा.